डहाणूची महालक्ष्मी यात्रा

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस भरणारी जत्रा. स्थान मुंबई–अहमदाबाद महामार्गालगत, चारोटीजवळ. देवीचे मूळ ठाणे गडावर. पायथ्याचे मंदिर गरोदर भक्त स्त्रीला गड चढवेना म्हणून देवी खाली आल्याच्या कथेशी जोडले जाते. पुजारपण आदिवासी मल्हार कोळी समाजाकडे असून पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावचा पुजारी ध्वज घेऊन अवघड सुळका चढतो.

यात्रेचा बाजार हा सणाभोवती उभा राहणारा हंगामी बाजार. इथली खरेदी पावसाळ्याच्या बेगमीची असते. चैत्र-वैशाखात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, तयारी सुरू होते, त्यामुळे सुक्या मासळीचा बाजार हे यात्रेचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. किनाऱ्यावरचे सुके बोंबील, जवळा डोंगरपट्टीतल्या वारली, कोकणा, कातकरी घरांपर्यंत इथूनही पोहोचतात. शेतीकाम सुरू झाल्यावर बाजार गाठणे कठीण, म्हणून मिरची, मसाले, कांदे, भांडीही याच फेरीत घेतली जातात. तलासरी, जव्हार, दादरा-नगर हवेली आणि दक्षिण गुजरातमधूनही भाविक येतात. पाळणे, खाजा-मिठाईची दुकाने रात्री उशिरापर्यंत चालतात.