माग घेऊन बाहेर पडलेले कारागीर

सभासदांची नोंदवही ज्याच्या कपाटात, त्याच्या हाती संघटनेची मान, हे कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाला पुस्तक न वाचताही कळते. आज त्या नोंदवह्या, पत्रे, हिशेब सारे परक्या यंत्रांत ठेवले जाते. या व्यवस्थेला ‘क्लाउड’ असे काव्यमय नाव आहे. परंतु हा ढग आकाशात नसून कोणाच्या तरी मालकीच्या इमारतीत आहे. २००६ साली अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने साठवणुकीची जागा व गणनशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि पुढे हा धंदा फोफावला. स्वतःचा ढग स्वतः उभारू पाहणाऱ्यांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. तो आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो.

जानेवारी २०१० मध्ये सान दिएगो येथे केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांचा मेळावा भरला. तेथे फ्रँक कार्लिट्शेक या जर्मन गृहस्थांनी ‘ओनक्लाउड’ची कल्पना मांडली. आपल्या फायली आपल्याच सर्व्हरवर ठेवाव्या आणि कोठूनही उघडाव्या, एवढीच ती कल्पना. प्रोग्रॅम पीएचपी भाषेत लिहिला गेला. ही निवड शहाणपणाची होती. कारण स्वस्त भाड्याच्या वेब-सर्व्हरवरही ही भाषा चालते. फायली तेथे नेऊन ठेवायच्या, डेटाबेसची माहिती भरायची, की प्रोग्रॅम बसला. दिनदर्शिका, पत्त्यांची वही अशी अ‍ॅपे इतरांनी रचून त्याला जोडावी, अशीही सोय होती.

त्याचा परवाना होता एजीपीएल. बदललेला प्रोग्रॅम जाळ्यावरून लोकांना वापरू दिला, तर त्याची मूळ संहिताही त्यांना उपलब्ध करावी, अशी त्याची अट. २०११ साली या कामासाठी कंपनी निघाली, भांडवल आले. एप्रिल २०१६ मध्ये कार्लिट्शेक तिच्यातून बाहेर पडले, आणि २ जून रोजी अनेक प्रमुख सहकाऱ्यांसह त्यांनी ‘नेक्स्टक्लाउड’ जाहीर केले.

गिरणी कामगार संपावर गेला, तर माग आतच राहतो. येथे माग आतही राहिले आणि बाहेरही आले; तरी ती चोरी ठरली नाही, कारण परवान्यानेच तशी मुभा दिली होती. सावकारांनी पत काढून घेतल्यामुळे अमेरिकेतील कंपनीला टाळे लागले. जर्मनीतील कंपनी चालू राहिली.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. २०१४ साली केंटन वार्डा व सहकाऱ्यांनी ‘सँडस्टॉर्म’ पुढे आणले. अ‍ॅपला लागणारे सारे सामान एकाच गाठोड्यात बांधायचे, आणि प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र बंद खोली द्यायची, अशी त्याची रचना. बसविण्यास एक कळ पुरे. कारागिरी उत्तम होती, परंतु धंदा तगला नाही. २०१७ साली बहुतेक मंडळी क्लाउडफ्लेअर कंपनीत गेली. संहिता खुली राहिली, स्वयंसेवकांनी ती सांभाळली. पण कामाचा वेग मंदावला.

हक्क दोन्हीकडे कागदावर होता. एकीकडे तो घेऊन कारागीर एकजुटीने बाहेर पडले, दुसरीकडे ते पांगले. परवाना हत्यार राखतो. त्याला धार लावणारे हात एकत्र राखणे हे संघटनेचे काम आहे. आपली नोंदवही आपल्या यंत्रावर आणू पाहणाऱ्या संस्थेने प्रथम हेच विचारावे, की उद्या ते यंत्र दुरुस्त करणारी आपली माणसे कोण?