अंतराळवीरांच्या अस्थिझिजेचे संगणकीय प्रारूपण

अंतराळवीरांच्या अस्थिझिजेचे संगणकीय प्रारूपण म्हणजे वजनरहित अवस्थेत माणसाची हाडे किती व कोठे कमकुवत होतील, याचा संगणकावर गणिताने अंदाज बांधण्याची पद्धत होय.

हाड हे जिवंत ऊतक आहे. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवतात, तर ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे बांधतात. भारानुसार हाडाची घडण बदलते, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. अंतराळयानात पायांवर भार पडत नाही, त्यामुळे झीज वाढते आणि बांधणी मागे पडते. पुरेसा व्यायाम नसल्यास कंबर व खुब्याच्या हाडांची खनिजघनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्के घटते. उतारवयात एवढी घट होण्यास साधारण वर्ष लागते.

काही प्रारूपे या पेशींच्या कार्याची समीकरणे मांडतात. हाडाची ताकद काढण्यासाठी मात्र सांत घटक पद्धत वापरतात. सीटी स्कॅनवरून हाडाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करून तिचे हजारो लहान घटक पाडले जातात. प्रत्येक घटकाला त्याच्या घनतेनुसार कणखरपणा देऊन, उभे राहताना किंवा कुशीवर पडताना येणारा भार प्रतिकृतीवर टाकला जातो. हाड कोणत्या भाराला मोडेल, हे त्यावरून कळते. अशी प्रारूपे प्रथम मृत्यूनंतर दान केलेल्या देहांतील हाडे प्रयोगशाळेत मोडून पडताळली गेली, कारण जिवंत माणसावर ही परीक्षा शक्य नाही.

जॉइस कीयाक व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १३ अंतराळवीरांच्या मांडीच्या हाडांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. उभे राहण्याच्या स्थितीतील ताकद महिन्याला सरासरी २.६ टक्क्यांनी घटली होती. घनतेतील घट त्याहून कमी होती. म्हणजेच केवळ घनता मोजून अस्थिभंगाचा धोका पुरता ओळखता येत नाही.

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी जून-जुलै २०२५ मधील ॲक्सिअम-४ मोहिमेत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हाडांविषयीच्या एका प्रयोगात भाग घेतला. हाडांची बांधणी, वाढ व दाह यांच्याशी निगडित जैविक निर्देशकांवरून अंतराळवीराच्या हाडांचे ‘डिजिटल जुळे’ घडवणे, हा त्याचा हेतू होता. अशा प्रतिकृतीवरून व्यक्तीगणिक व्यायाम व उपचार ठरवता येतील, अशी अपेक्षा आहे.

अंतराळवीरांची संख्या मुळातच थोडी आणि बहुतेकांचा मुक्काम सहा महिन्यांच्या आसपासचा. मंगळाच्या जाऊन-येऊन सुमारे तीन वर्षांच्या मोहिमेसाठी ही प्रारूपे वापरताना उपलब्ध मोजमापांच्या बरेच पुढे जावे लागते.