मजुरी, पब आणि संघटना

इंग्लंडातील पब ओस पडत चालले, ही वार्ता ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना बरेच वाटेल. आम्हीही दारूचे वकील नव्हे. गुत्त्यापायी धुळीस मिळालेले संसार आम्ही चाळीचाळीतून पाहिले आहेत. तरीपण हा इतिहास इतका सरळ नाही.

कारागिरांच्या संघांना तेथे सभेसाठी दुसरी जागा परवडतच नसे. १७९२ साली टॉमस हार्डी या जोडे शिवणाऱ्या कारागिराने मताधिकारासाठी सभा स्थापली, ती लंडनच्या 'बेल' नामक पबात, अवघ्या नऊ जणांनिशी. पण याच पबाने मजुराला पिळलेही. टेम्स नदीवर जहाजांतून कोळसा उपसणाऱ्या हमालांना काम मिळे ते पबवाल्यामार्फत, आणि मजुरीही त्याच्याच हातून. जो जास्त पिणार त्याला आधी काम! घरी काय पोचत असेल, हे पगाराचा दिवस पाहिलेल्यांस सांगावयास नको. १८४३ च्या कायद्याने हे हमाल सुटले. पबात मजुरी वाटण्याची एकंदर चालच मोडावयास मात्र १८८३ साल उजाडले.

पुढे महायुद्ध आले. कारखान्यांतील काम खोळंबू नये म्हणून १९१५ साली पबांच्या वेळांवर कात्री लागली.

आमच्या मनात घर करून राहिली आहे ती स्मेदिकची हकिकत. बर्मिंगहॅमजवळच्या या गावी ओतशाळांतून पंजाबी कामगार राबत. संध्याकाळी मात्र कित्येक पबांत त्यांना मज्जाव, नाहीतर वेगळी खोली. घाम चालतो, शेजार चालत नाही! ओतकामगारांचे पुढारी अवतारसिंग जौहल यांनी इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या वतीने याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स तेथे येऊन गेले, नि त्याच वर्षी पबांतील वर्णभेद कायद्याने निषिद्ध ठरला.

२००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांवर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. दुकानांत स्वस्त बिअर मिळू लागली, २००७ साली इंग्लंडातील पबांत धूम्रपानबंदी आली, तरुण मंडळी कमी पिऊ लागली. पण कारखाने बंद पडले, हे कारण आम्ही वरचे धरतो. पाळी सुटल्यावर जमणारी माणसेच राहिली नाहीत. पिणारा आता डबे घेऊन घरी जातो, एकटाच.

स्मेदिकच्या बाजूचे काही बुडते पब मात्र पंजाबी मालकांनी चालविले आहेत. तेथे बिअरसोबत कबाब मिळतात, आणि गोरी म्हातारी माणसेही ते खावयास येऊन बसतात.