रक्तवाहिनीअंतर्गत सोनोग्राफी (आयव्हस)

हृदयाच्या रक्तवाहिनीत बारीक कॅथेटर सरकवून तिची भिंत श्राव्यातीत ध्वनिलहरींनी आतून पाहण्याची पद्धत. मुख्य उपयोग अँजिओप्लास्टीत (फुग्याने वाहिनी रुंदावण्यात) स्टेंटचे, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीचे, माप, जागा व बसणी ठरवण्यासाठी.

अँजिओग्राफीत (क्ष-किरण तपासणीत) दिसते ती डायने भरलेली पोकळी. भिंत दिसत नाही. अडथळ्याच्या आजूबाजूची वाहिनीही रोगट असेल, तर तीच निरोगी समजून स्टेंट लहान मापाचा घेतला जातो. आयव्हसचे कॅथेटर सुमारे १ मिमी. जाडीचे, वारंवारता २० ते ६० मेगाहर्ट्‌झ. गाइडवायरवरून ते अडथळ्यापलीकडे नेऊन सेकंदाला ०.५ ते १ मिमी. वेगाने मागे ओढतात. पडद्यावर वाहिनीचा आडवा छेद उमटतो. कॅल्शियम पांढऱ्या कमानीसारखे चमकते आणि त्यामागे काळी सावली पडते. कमान वर्तुळभर फिरली असेल, तर नुसत्या फुग्याने सहसा भागत नाही. आधी रोटाब्लेशन (कॅल्शियम घासून काढणे) किंवा लिथोट्रिप्सी (ते लहरींनी फोडणे) करावी लागते. स्टेंट बसवल्यावर पुन्हा पाहतात. जाळीच्या तारा ठिपक्यांसारख्या दिसतात. ठिपके व भिंत यांत फट राहिली किंवा सर्वांत अरुंद जागी क्षेत्रफळ ५.५ चौ. मिमी.हून कमी भरले, तर जास्त दाबाने फुगा फुगवतात. डाव्या मुख्य वाहिनीसाठी क्षेत्रफळाची ही मर्यादा अधिक आहे. डाय कमी लागत असल्याने मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना ही पद्धत विशेष सोयीची.

इतिहास : रॉटरडॅम येथे निकोलास बॉम यांनी ३२ घटकांचे कॅथेटर बनवले (१९७२), ते हृदयाच्या कप्प्यांसाठी होते. रक्तवाहिनीसाठीचे तंत्र १९८०च्या दशकात पॉल यॉक यांनी पुढे नेले. मिलानच्या अँतोनिओ कोलोंबो यांनी १९९५ मध्ये दाखवले, की अँजिओग्राफीत ठीक दिसणारे अनेक स्टेंट प्रत्यक्षात अर्धवट उघडलेले असतात. ते नीट उघडले, तर वॉर्फरिनसारख्या औषधांवाचून चालते. स्टेंटचा प्रसार सुकर होण्यास याची मदत झाली.

पुरावा : कोरियातील चाचणीत (२०१५, १,४०० रुग्ण, २८ मिमी. वा अधिक लांबीचे स्टेंट) वर्षभरातील हृदयाच्या गंभीर घटना आयव्हस गटात २.९ टक्के, केवळ अँजिओग्राफीच्या गटात ५.८ टक्के. युरोपीय मार्गदर्शनात (२०२४) गुंतागुंतीच्या अडथळ्यांसाठी प्रथम श्रेणीची शिफारस आहे. साध्या, आखूड अडथळ्यांत सरसकट वापराबाबत एकमत नाही.

भारत : फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, मर्यादा स्टेंटपुरती, आयव्हस कॅथेटर तिच्याबाहेर.

दुष्परिणाम : वाहिनी आकसणे (नायट्रोग्लिसरीन देतात); क्वचित इजा.