खर्जाच्या तारेची कथा

तंबोऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा पोलादाच्या आणि चौथी, खर्जाची तार, सामान्यतः पितळेची व सर्वांत जाड असते. मैफल रंगांत आली म्हणजे गायकाचा आलाप ऐकणारे पुष्कळ असतात. खर्जाकडे मुद्दाम कान देणारा विरळा. तथापि ती एक तार उतरली कीं सगळ्या मैफलीचा पाया डळमळतो. पाश्चात्य संगीतांतील लोकप्रिय प्रकारांत हें पायाचें काम आज बहुधा बेस गिटार नांवाचें विद्युत्-वाद्य करतें. त्याला सामान्यतः चार तारा असतात व त्यांतील सर्वांत खालच्या तारेचीं सेकंदाला सुमारें ४१ कंपनें होतात. या वाद्यावर कोणत्या जातीची तार चढवावी, याविषयीं वादकांत तीव्र मतभेद आहेत. बाहेरच्या माणसाला हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं साडेतीनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत प्रत्येक पिढीला कांहीं मिळविण्यासाठीं कांहीं सोडावें लागलें आहे.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर अवलंबून असतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिचें वजन. मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकानें इ. स. १६३६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत याचे नियम मांडले. लांबी दुप्पट केली तर स्वर एक सप्तक खालीं जातो. ताण एक-चतुर्थांश केला तरी तेंच घडतें. आणि दर इंचाचें वजन चौपट केलें तरीहि तेंच घडतें. परंतु लांबीला माणसाच्या हाताची मर्यादा आहे आणि ताण फार कमी केला तर तार लोंबकळते. मग उरतें तें वजन. एकाच पदार्थाची तार चौपट जड करावयाची म्हणजे तिची जाडी दुप्पट करावयाची; दोन सप्तकें खालीं जावयाचें तर जाडी चौपट. आणि तार अशी जाड झाली कीं ती तारेसारखी न वागतां काठीसारखी वागूं लागते. तिच्यांतील उपस्वर मूळ स्वराशीं जुळत नाहींत व नाद बोथट होतो. खर्जाच्या तारेचा सगळा इतिहास म्हणजे या एका अडचणींतून वाट काढण्याचा इतिहास होय.

युरोपांत कित्येक शतकें वाद्यांच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. आपल्याकडे सारंगीला जी तांत लावतात, तिच्याच जातीच्या त्या होत. आतडें धुवून, खरवडून, त्याचे पदर एकत्र पिळून वाळवावयाचे, असा हा उद्योग होता. या कामांत इटलीची ख्याति मोठी होती. आब्रुत्सी प्रांतांतील साले या डोंगरी गांवांतील कित्येक घराणीं पिढ्यान् पिढ्या हाच धंदा करीत आलीं, आणि त्यांतील कांहीं विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक झालीं. आजच्या गिटारवादकांच्या तोंडीं असलेलें दादारिओ हें नांव त्याच गांवचें आहे.

तांतीचा नाद गोड असला तरी खर्जांत ती लंगडी पडे. यावर उपाय सतराव्या शतकाच्या मध्यास निघाला. तांतीची जाडी वाढविण्याऐवजीं तिच्यावर धातूची बारीक तार गुंडाळावी, ही ती युक्ति होय. तांबें तांतीहून सुमारें सहा-सात पटींनीं जड असतें. त्यामुळें थोड्याशा जाडींत पुष्कळ वजन येतें आणि आंतील गाभा बारीक राहिल्यामुळें तारेची लवचिकता जात नाहीं. लंडनचा संगीत-प्रकाशक जॉन प्लेफर्ड यानें इ. स. १६६४ मध्यें अशा वेष्टित तारांची जाहिरात छापली. इटलींत बोलोन्या शहरीं या तारांचा प्रसार झाला आणि त्याचा परिणाम वाद्यांच्या आकारावर झाला. पूर्वीं खर्जासाठीं लांब तार लागे, म्हणून वाद्यहि अवजड असे. आतां तार आखूड असली तरी चालूं लागली. बोलोन्याच्या दोमेनिको गाब्रिएल्ली यानें इ. स. १६८९ मध्यें एकट्या चेलोसाठीं रचना लिहिल्या. आणि प्रसिद्ध कारागीर स्त्रादिवारी यानें इ. स. १७०७ च्या सुमारास आपल्या चेलोच्या अंगाची लांबी सुमारें ७९ सेंटिमीटरांवरून ७५-७६ वर आणली. जें वाद्य केवळ साथीला बसत असे, तें या एका युक्तीमुळें पुढें येऊन बोलूं लागलें.

मोठ्या डबल बेसवर मात्र तांतीचें राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकलें. अमेरिकेंतील जॅझ वादक १९४० च्या दशकांतहि प्रायः तांतीवरच वाजवीत. दरम्यान व्हिएन्ना येथें टोमास्टिक व इन्फेल्ड या दोघांनीं १९१९ मध्यें कारखाना काढून पोलादी गाभ्याच्या तारांचा प्रसार चालविला. दुसऱ्या महायुद्धांत तांतीची टंचाई भासली, कारण शस्त्रक्रियेंतील टाक्यांसाठीं तिची गरज होती. या टंचाईंतूनच साध्या गिटारवर नायलॉनच्या तारा आल्या. पोलादी तारा टिकाऊ, हवामानानें कमी बिघडणाऱ्या आणि अधिक खणखणीत; परंतु तांतीवर वाढलेल्या कानाला त्यांत ऊब कमी वाटे.

खरी क्रांति झाली ती १९५१ मध्यें. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें ‘प्रिसिजन बेस’ नांवाचें पडदे असलेलें विद्युत्-वाद्य बाजारांत आणलें. असे प्रयत्न पूर्वीं झालेच नव्हते असें नाहीं. सिॲटल येथील पॉल टटमार्क यानें १९३० च्या दशकांत तसें वाद्य केलें होतें. पण रूढ झालें तें फेंडरचें. डबल बेसची तार सुमारें ४१-४२ इंच लांब असते. फेंडरनें ती ३४ इंचांवर आणली. येथें तारेचा एक नवा धर्म महत्त्वाचा ठरला. या वाद्यांत लाकडी पोकळींतून नाद निघत नाहीं. तारेखालीं चुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. लोहयुक्त तार हालली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि तीच ध्वनिवर्धकांतून नाद बनून बाहेर पडते. चुंबकाला तांत कळत नाहीं. त्यामुळें या वाद्याच्या तारेला पोलादाचा किंवा निकेलसारख्या धातूचा आधार घेणें भागच झालें.

आरंभींच्या तारांवर चपट्या धातुपट्टीचें वेष्टन असे. बोटाखालीं त्या गुळगुळीत लागत, त्यांचा आवाज खोल व गोल असे आणि तो लवकर विरे, म्हणजे बराचसा जुन्या डबल बेससारखाच. या तारेचा सर्वांत मोठा साधक जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) होय. डेट्रॉइट येथील मोटाऊन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत १९६० च्या दशकांत जो खर्ज ऐकूं येतो, त्यांतील फार मोठा भाग याच्या हातचा आहे. जेमर्सन मूळचा डबल बेस वादक. त्याच्या १९६२ सालच्या फेंडर वाद्यावर जाड, चपट्या वेष्टनाच्या तारा असत आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलीत नसे. तारा जुन्या झाल्या कीं त्यांतील चमक जाते व केवळ मूळ स्वराचें वजन उरतें. त्याला हवें होतें तें हेंच. ‘माय गर्ल’ हें १९६४ चें गीत ज्या तीन-चार खर्जस्वरांनीं सुरू होतें, ते जगभर लोकांच्या ओळखीचे झाले. वाजविणाऱ्याचें नांव मात्र तबकडीवर नव्हतें. मोटाऊनच्या वेष्टनावर त्याचें नांव पहिल्यांदा छापलें गेलें तें १९७१ मध्यें. दहा वर्षें ज्याचा नाद घरोघरीं पोंचला, त्याला लोक केवळ त्या नादावरून ओळखत होते, आणि त्या नादांत तारेचा वांटा लहान नव्हता.

याच काळीं इंग्लंडांत अगदीं उलट मागणी पुढें आली. ‘द हू’ या वाद्यवृंदांतील जॉन एन्टव्हिसल याला खर्ज पियानोसारखा स्पष्ट व झळझळीत हवा होता, कारण त्याच्या वृंदाच्या गोंगाटांत मऊ स्वर बुडून जात असे. तशा तारा सुट्या मिळत नसल्यामुळें, एका वाद्याची तार तुटली कीं आपण दुसरें वाद्यच विकत घेत असूं, असें तो पुढें सांगत असे. अखेर १९६६ मध्यें तो रोटोसाउंडचा मालक जेम्स हाउ याच्याकडे गेला. दोघांनीं मिळून गोल तारेच्या वेष्टनाची बेस तार सिद्ध केली. गोल वेष्टनाच्या खांचांमुळें व सैल ताणामुळें उपस्वर मोकळे होतात. तारेला धार येते व स्वर अधिक वेळ टिकतो. थोड्याच वर्षांत ही तार सर्वत्र पसरली, आणि बेस गिटार हें मागें उभें राहण्याचें वाद्य राहिलें नाहीं.

पण ही धार फुकट मिळत नाहीं. गोल वेष्टनावरून बोट सरकलें कीं किरकिर होते. घाम व मळ खांचांत बसून चमक कांहीं आठवड्यांतच ओसरते. आणि खरबरीत धातु पडदे झिजवितो. जॅको पॅस्टोरियस (१९५१–१९८७) हा तर बिनपडद्याच्या बेसवर हीच तार वाजवी. तारांनीं लाकूड खाऊं नये म्हणून त्यानें आपल्या वाद्याच्या पट्टीवर नौकांना लावतात तसा कठीण रासायनिक लेप चढविला. त्या लेपानें लांकूड वांचलें आणि स्वरालाहि एक गाणारी झळाळी आली. १९७६ साली निघालेली त्याची पहिली तबकडी ऐकणाऱ्याला ही झळाळी लगेच कळते.

आज दुकानांत जाणाऱ्या वादकापुढें हे सारे पर्याय एकत्र मांडलेले असतात. गोल वेष्टनांत पोलादी तार सर्वांत तेजस्वी, निकेलची त्याहून मवाळ. चपट्या वेष्टनाची तार महाग, परंतु ती वर्षानुवर्षें टिकते. अर्धवट घासून गुळगुळीत केलेली तार दोहोंच्या मधली. पोलादी गाभ्यावर काळी नायलॉनची पट्टी गुंडाळलेली तार डबल बेसची आठवण करून देते. जाडीहि निवडावी लागते: साधारण संच ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा, तर जेमर्सनचा ०.०५२ ते ०.११० चा. जाड तारेला ताण अधिक, म्हणून बोटांना श्रम अधिक. शिवाय संगीताच्या जातीवरून तार ठरते असेंहि नाहीं. ‘आयर्न मेडन’ या कर्कश संगीताच्या वृंदांतील स्टीव्ह हॅरिस हा चपट्या वेष्टनाचीच तार वापरतो.

यावरून असें दिसतें कीं, अमुक तार श्रेष्ठ व अमुक हीन असा निवाडा इतिहासानें दिलेला नाहीं. तांतीवर धातूचें वेष्टन आलें तरी तांत नाहींशी झाली नाहीं. जुनें संगीत जुन्या पद्धतीनें वाजविणारे वृंद आजहि तीच लावतात. गोल वेष्टन आलें तरी चपटें टिकून आहे. आपल्या स्वरानें मागें राहून इतरांना आधार द्यावयाचा, कीं पुढें येऊन स्वतः बोलावयाचें, हा प्रश्न वादकानें आधीं स्वतःला विचारावा. त्याचें उत्तर ठरलें, म्हणजे तारेची निवड फारशी अवघड राहत नाहीं.