शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती: किट, मोजमाप आणि इतिहास

एखाद्या जुन्या जहाजाची ठरावीक प्रमाणात केलेली लहान लाकडी आवृत्ती म्हणजे त्या जहाजाची प्रतिकृती. दिवाणखान्यातले शोभेचे गलबत आणि प्रतिकृती यांत फरक आहे. शोभेचे गलबत नुसते देखणे असले की पुरे. प्रतिकृतीच्या बाबतीत मात्र ‘हे जहाज खरोखर असेच होते का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. किट विकत घेतले म्हणून ते उत्तर आपोआप मिळत नाही. किट बनवणाऱ्याने उपलब्ध माहितीचा जो अर्थ लावला, तो त्या खोक्यात असतो. तो तपासून पाहणे हे बांधणाऱ्याचे काम आहे. हा लेख त्या तपासणीविषयी आहे.

थोडी पार्श्वभूमी

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये आरमारी जहाजांच्या अतिशय रेखीव प्रतिकृती होत असत. त्यांतल्या अनेकींना खालच्या भागात फळ्या लावलेल्या नसत, त्यामुळे जहाजाच्या फासळ्या उघड्या दिसत. अशा प्रतिकृती आज लंडनमधल्या ग्रीनिचच्या संग्रहात आहेत. विसाव्या शतकात हा छंद किटच्या रूपाने सामान्य माणसाच्या टेबलावर आला. डेन्मार्कची बिलिंग बोट्स, इटलीच्या अमाटी, कोरेल आणि मंटुआ, स्पेनची आर्टेसानिया लातिना, अमेरिकेची मॉडेल शिपवेज ही या क्षेत्रातली परिचित नावे आहेत.

किटमध्ये काय असते

बहुतेक किटमध्ये प्लायवूडचा एक उभा कणा असतो. जहाजाच्या कण्याला कोकणात पठाण म्हणतात. या कण्यावर खाचांमध्ये आडवे छेद बसवायचे. पाव आडवा कापला तर प्रत्येक कापाचा आकार वेगळा निघतो, तसे हे छेद जहाजाचा फुगवटा ठरवतात. त्यांवर लाकडाच्या पातळ पट्ट्यांचा एक थर चढवतात आणि पुष्कळदा त्यावर दुसरा, अधिक चांगल्या लाकडाचा थर येतो. याखेरीज डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, दोरांसाठी धागे, कप्प्या, धातूच्या तोफा, नांगर, शिडांचे कापड आणि नकाशे असतात. छोट्या होडीचे काम काही आठवड्यांत होते. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेला फावल्या वेळात काम करणाऱ्याची काही वर्षेही जातात. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने एक किंवा दोन डोलकाठ्यांचे जहाज निवडावे.

आधी साल ठरवावे

जहाज अनेक वर्षे वापरात राही. त्या काळात त्याची डागडुजी होई, रंग बदले, कधी मागची बाजूच नव्याने बांधली जाई. त्यामुळे ‘व्हिक्टरीची प्रतिकृती’ एवढे म्हणून भागत नाही; कोणत्या सालची व्हिक्टरी, ते सांगावे लागते. हे इंग्रजी जहाज १७६५ मध्ये चॅटमच्या गोदीतून पाण्यात उतरले. त्याच्या तळावर तांब्याचे पत्रे बसले ते १७८० मध्ये. १८०० ते १८०३ या काळात मोठी दुरुस्ती झाली आणि मागच्या बाजूचे उघडे सज्जे बंद झाले. ट्रफाल्गरची लढाई झाली २१ ऑक्टोबर १८०५ रोजी. बाजारातली बहुतेक किटे या लढाईच्या वेळचे रूप दाखवतात. अशा प्रतिकृतीच्या पाटीवर ‘१७६५’ लिहिले, तर काम कितीही सुबक असले तरी पाटी खोटी ठरते. रंगाचेही तसेच आहे. पोर्ट्समथ येथे ठेवलेले हे जहाज जुन्या थरांची तपासणी करून २०१५ मध्ये पूर्वीपेक्षा फिक्या छटेत रंगवले गेले. त्याआधी छापलेल्या किटच्या सूचनांमध्ये जुनीच छटा आढळेल.

प्रमाणाचे गणित

समजा प्रमाण १:६४ आहे, म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६४ सेंटीमीटर प्रतिकृतीत १ सेंटीमीटर होतात. या प्रमाणात १.७ मीटर उंचीचा खलाशी सुमारे २.७ सेंटीमीटरचा होतो. पुठ्ठ्याचा असा एक माणूस कापून जवळ ठेवावा. दारातून तो आत जाईल का, कठडा त्याच्या कमरेपर्यंत येतो की गळ्यापर्यंत, जिन्याची पायरी त्याला चढता येईल का, हे लगेच कळते. किटमधल्या पुष्कळ चुका या एका बाहुल्याने सापडतात.

फळ्यांनाही हाच हिशेब लावावा. डेकची २५ सेंटीमीटर रुंदीची फळी या प्रमाणात ४ मिलिमीटरची होते आणि साडेसहा मीटर लांबीची फळी सुमारे १० सेंटीमीटरची. किटमधली पट्टी ६० सेंटीमीटर लांब असेल आणि ती तशीच अखंड लावली, तर आपण ३८ मीटर लांबीची फळी दाखवतो. एवढी फळी कोणत्या झाडातून निघणार? म्हणून पट्ट्या कापून, शेजारच्या फळ्यांचे जोड एका रेषेत येणार नाहीत अशा बेताने लावाव्यात. खऱ्या जहाजात दोन फळ्यांच्या फटीत ताग आणि डांबर भरत. ती काळी रेघ दाखवण्यासाठी पट्टीची एक कड पेन्सिलीने काळी करतात.

दोरांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत दोराचे माप व्यासाने नव्हे, घेराने दिलेले असते. ९ इंची दोर म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर घेर, म्हणजे ७.३ सेंटीमीटर व्यास. १:६४ ला त्यासाठी १.१ मिलिमीटरचा धागा लागतो. घेरालाच व्यास समजले तर साडेतीन मिलिमीटरचा धागा बांधला जातो आणि नाजूक डोलकाठीला साखळदंडाने जखडल्यासारखे दिसते.

बांधणीतल्या अवघड जागा

जहाजाचा मधला फुगवटा मोठा आणि नाळेकडचा भाग लहान असतो. त्यामुळे सगळ्या पट्ट्या नाळेकडे निमुळत्या कराव्या लागतात. तसे न केल्यास त्या एकमेकींवर चढतात. मात्र पट्टी अर्ध्याहून अधिक अरुंद करू नये. खिळा मारायला जागा राहणार नाही, असे खरे सुतारही म्हणतील. वाकवण्यापूर्वी पट्टी गरम पाण्यात भिजवावी, चिमट्यांनी जागेवर धरावी आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवावी. डाव्या आणि उजव्या बाजूला आळीपाळीने पट्टी लावावी, नाहीतर कणा एका बाजूला वळतो.

डोलकाठ्यांना आधार देणारे कायमचे दोर डांबर लावलेले असत, म्हणून ते गडद तपकिरी किंवा काळे करावेत. शिडे वरखाली करणारे हलते दोर फिक्या रंगाचे ठेवावेत. खलाशांना चढण्यासाठी दोरांच्या ज्या पायऱ्या असत, त्यांच्यातले अंतर पाऊल टाकण्याजोगे, म्हणजे सुमारे ३५ सेंटीमीटर होते; १:६४ ला साडेपाच मिलिमीटर. किटमध्ये छापील जाळी दिली असेल तर ती बाजूला ठेवून गाठी हाताने माराव्यात.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, तर इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते आकसून फटी पडतात. किट उघडल्यावर पट्ट्या आठवडाभर खोलीच्या हवेत राहू द्याव्यात आणि ऐन पावसात मुख्य चिकटकाम टाळावे. सुती धागे दमटपणात ताण बदलतात. पॉलिस्टरचे कमी बदलतात. पूर्ण झालेले जहाज काचेच्या पेटीत ठेवावे, कारण दोरांवर बसलेली धूळ नंतर निघत नाही.

वासाचा रंग

स्वीडनचे ‘वासा’ हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोम बंदरातून पहिल्याच सफरीवर निघाले आणि सुमारे १,३०० मीटर जाऊन बुडाले. १९६१ मध्ये ते जवळजवळ अखंड वर काढण्यात आले. सतराव्या शतकातले इतके पूर्ण जहाज दुसरे नाही, त्यामुळे किट बनवणाऱ्यांचे ते आवडते. ७५ पट लहान केले तरी ते पुढे आलेल्या काठीसह ९२ सेंटीमीटर भरते.

वासाच्या मागच्या बाजूवर शेकडो कोरीव मूर्ती आहेत. वर काढल्यावर रंग उरला नव्हता, म्हणून अनेक वर्षे समजूत अशी होती की पार्श्वभूमी निळी आणि मूर्ती सोनेरी असाव्यात. चित्रे तशी निघाली, किटेही तशीच निघाली. पुढे लाकडात उरलेल्या रंगकणांची तपासणी झाली, तेव्हा पार्श्वभूमी लाल आणि मूर्ती अनेक रंगांत रंगवलेल्या होत्या असे दिसले. आज स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयातली मोठी प्रतिकृती लाल आहे. निळी वासा बांधणाऱ्यांनी आळस केला नव्हता. त्यांच्यासमोर होता तो पुरावा त्यांनी वापरला. म्हणून प्रतिकृती पूर्ण झाल्यावर कोणत्या माहितीवरून काय ठरवले, ते एका वहीत लिहून ठेवावे. पुढे नवा पुरावा आला तर नेमके काय बदलायचे, ते कळते.

मुंबई आणि दमणची सागवानी जहाजे

या विषयाशी आपला थेट संबंध आहे. ‘त्रिंकोमाली’ हे इंग्रजी युद्धजहाज जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याचा आराखडा मूळ फ्रेंच जहाजावरून घेतलेला. तो मुंबईला घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडले, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. आज त्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. पोर्तुगालचे ‘दों फेर्नांदु सेगुंदु ए ग्लोरिया’ १८४३ मध्ये दमण येथे नगर हवेलीच्या सागवानातून बांधले गेले. त्याची पहिली मोठी सफर १८४५ मध्ये गोव्याहून लिस्बनपर्यंत झाली. १९६३ च्या आगीनंतर त्याची पुनर्बांधणी झाली असून ते आता लिस्बनसमोरच्या तीरावर आहे.

ही जहाजे सागवानाची, म्हणून प्रतिकृतीही सागवानाचीच करावी असे वाटते. पण सागाचे रेषे मोठे असतात. ६४ पट लहान केलेल्या फळीवर ते दोरखंडाएवढे जाड भासतात. त्याऐवजी बारीक रेषांचे नासपती किंवा बॉक्सवूड घेऊन त्याला सागाची छटा द्यावी.

मराठी आरमाराची जहाजे

‘आंग्र्यांच्या गुराबाचे किट का मिळत नाही?’ असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कारण साधे आहे. कोकणातले मिस्त्री कागदावर आराखडा न काढता हातच्या अंदाजाने जहाज उभे करीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. मोजमाप घ्यायला जहाजही उरले नाही. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलेले वर्णन मात्र आहे: गुराबाला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने रुंदी अधिक, पुढे आलेली नाळ आणि तीवरून समोर मारा करणाऱ्या तोफा, गलबत त्याहून लहान, दोन डोलकाठ्यांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. एवढ्यावरून अंदाजी प्रतिकृती करता येते आणि ती जरूर करावी. फक्त पाटीवर ‘वर्णनांवरून केलेली अंदाजी प्रतिकृती’ असे स्पष्ट लिहावे.

गणेशोत्सवाच्या देखाव्यात किंवा शाळेच्या प्रदर्शनात ठेवलेले जहाज पाहून मुले ‘आपले आरमार असे होते’ हे मनात धरतात. ती समजूत पुढे पन्नास वर्षे टिकते. म्हणून जेवढे माहीत आहे तेवढे नेमके दाखवावे आणि जिथे अंदाज आहे तिथे अंदाज म्हणावे.