कार-टी पेशी उपचार

मुलांमधील अक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या झपाट्याने वाढणाऱ्या रक्तकर्करोगावरील नवी उपचारपद्धती. केमोथेरपीने बहुतेक मुले बरी होतात. रोग उलटतो किंवा औषधांना दाद देत नाही, तेव्हा खरी कसोटी लागते.

अशा वेळी वापरल्या जाणाऱ्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढतात. निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि शिरेवाटे त्या परत देतात. कर्करोगग्रस्त बी-पेशींवरील सीडी19 हे प्रथिन ओळखून त्या हल्ला करतात. इतर औषधे घाऊक बनतात; हे औषध मात्र जिवंत आणि एकेका रुग्णापुरतेच घडवावे लागते. त्याच्या किमतीचे हे एक मोठे कारण.

2012 मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड ही या उपचाराने बरी झालेली पहिली बालरुग्ण ठरली. भारतात मुंबई आयआयटी, टाटा मेमोरियल सेंटर आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. खर्च परदेशातल्या उपचाराच्या सुमारे एक दशांश, तरीही लाखांत. सामान्य कुटुंबाला तो झेपत नाही. शिवाय ही मंजुरी 15 वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी होती. हा रोग सर्वाधिक आढळतो तो दोन ते पाच वर्षांच्या मुलांत.

तीव्र ताप, रक्तदाब उतरणे, मेंदूवर परिणाम हे संभाव्य धोके असल्याने रुग्णावर रुग्णालयात बारकाईने लक्ष ठेवतात.